मोतीबिंदू डोळ्यात, पत्रिका स्क्रीनवर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

धनवड्यांच्या पाचशे पत्रिका 'घनवडे' म्हणून छापून आल्या, तेव्हा कुठं मी मान्य केलं की दोष चष्म्याचा नाही. (आडनाव दुसरं होतं, घोळ हाच.) नवऱ्या मुलाचे मामा दुकानात आले, पत्रिका टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "वैनी, आमचं कूळच बदलून टाकलासा की!" हसत म्हणाले म्हणून बरं. कागद आणि छपाई माझ्या खिशातून गेली. ते प्रूफ मी दोनदा वाचलं होतं, तेही स्क्रीनवर दीडपट मोठं करून. ध ची शिरोरेघ डावीकडं तुटलेली असते आणि तिथं बारीक गाठ असते, एवढाच घ आणि ध मधला फरक. ती गाठ मला दिसतच नव्हती. त्या जागी पांढुरका फराटा दिसायचा, आणि बाकीचं अक्षर माझं मन स्वतःच भरून घ्यायचं.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर मांडून द्यायचं, दुकान आहे, २२ वर्षं झाली. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, वास्तुशांतीची निमंत्रणं, अधूनमधून ॲक्रिलिकच्या नावाच्या पाट्या. दिवसाचे आठ-नऊ तास स्क्रीनपुढं. वय ५१. मोतीबिंदू हा सासूबाईंच्या वयाचा आजार, अशी माझी समजूत. त्यामुळं आधीच्या वर्षभरात दोनदा चष्मा बदलून झाला होता. दुकानदार दरवेळी अंधाऱ्या खोलीत तक्ता वाचायला लावायचा, मी बऱ्यापैकी वाचायचे, पाव नंबर इकडंतिकडं करून नवीन काच मिळायची. दुसऱ्या चष्म्याच्या वेळी मी म्हटलं, "अहो, उन्हात आणि कॉम्प्युटरवरच दिसत नाही, इथं दिसतंय." त्यावर मला 'ब्लू कट', म्हणजे निळा प्रकाश अडवणारी, काच विकण्यात आली. त्या काचेबद्दल पुढं लिहिते, पण जास्त नाही, तिची लायकी तेवढी नाही.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्टेरॉइड घेता?" दम्यासाठी कित्येक वर्षं अधूनमधून गोळ्या चालूच होत्या. त्यातनं हा भिंगाच्या मागच्या बाजूचा, अगदी मधोमध बसणारा मोतीबिंदू होऊ शकतो, आणि तो म्हातारपणाची वाट बघत नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांत होता. डॉक्टरांनी कागदावर डोळ्यातली बाहुली, म्हणजे प्रकाश आत जायचं मधलं काळं छिद्र, काढून दाखवली. उजेड वाढला की बाहुली बारीक होते. बारीक झाली की सगळा प्रकाश मधल्या छिद्रातनंच आत जाणार, आणि मधेच तर डाग. अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी होते, डागाच्या कडेनं वाट मिळते, म्हणून तक्ता वाचता येतो. जवळचं बघतानाही बाहुली आपोआप आकसते. थोडक्यात, पांढरंशुभ्र पान आणि हातभर अंतर, म्हणजे माझं अख्खं काम, हीच या डागासाठी सगळ्यात वाईट जागा होती.

ऑपरेशन तेव्हाच करून टाकता आलं असतं. पण ऑक्टोबर चालू होता, तुळशीचं लग्न तोंडावर, म्हणजे आमचा हंगाम. शिवाय छाती भरलेली होती आणि खोकला आटोक्यात आल्याशिवाय टेबलावर घेणार नाही असं डॉक्टरांनीच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "पिकू दे की अजून." पिकायची वाट बघायचे दिवस गेले, हेही डॉक्टरांनी सांगितलं, कामात अडथळा यायला लागला की तीच वेळ, उलट फार पिकला तर भिंग कडक होतं आणि काढायला त्रास. तरी मी जूनपर्यंत थांबले. हे लिहितेय ते त्या नऊ महिन्यांचं: काय घेतलं, काय लावलं, काय फेकून दिलं.

सुरुवात चुकीनंच केली. दिसत नाही म्हणजे मोठं पाहिजे, असा सरळ हिशेब करून २७ इंची मॉनिटर आणला. जुना १९ इंची होता. पहिले तीन दिवस कपाळ ठणकत होतं, संध्याकाळी डोळे मिटून बसावं लागायचं. कारण साधं होतं, पण मला कळायला तीन दिवस गेले. स्क्रीन मोठा म्हणजे पांढरं मोठं. मोतीबिंदूवाल्याच्या डोळ्यात प्रकाश सरळ जात नाही, तो आत विखुरतो, धुळीच्या काचेवर ऊन पडावं तसा. जेवढं पांढरं जास्त तेवढी धूळ जास्त उजळते. मी अक्षर दुप्पट केलं आणि धुकं चौपट. पोरगा (दुकानात मदतीला आहे, मला काकी म्हणतो) म्हणाला, "काकी, ब्राइटनेस शंभरावर हाय की." कंपनीतनं आलेला तसाच होता. २८ वर आणला. २८ च का, तर खाली जाता जाता पत्रिकेचा पांढरा कागद मॉनिटरशेजारी धरला आणि जिथं दोन्ही सारखे वाटले तिथं थांबले. दिवसा हा आकडा ३५ होतो, रात्री २०. या एका बटणानं जेवढा फरक पडला तेवढा साडेअकरा हजारांच्या मॉनिटरनं पडला नाही.

म्हणजे मॉनिटर वाया गेला का? नाही. त्याचा पृष्ठभाग मॅट आहे, जुन्यासारखा आरसा नाही, आणि २७ इंचांत दीडपट मोठं करूनही पत्रिकेची अख्खी उभी बाजू दिसते, सारखं वरखाली सरकवावं लागत नाही. पण कुणी मोतीबिंदू झालाय म्हणून मोठा स्क्रीन घ्यायला निघालं असेल तर आधी आहे त्याच्यावर उजेड कमी करून आठवडाभर बघा.

उजेडाचं दुसरं ठाणं म्हणजे दुकान. आमचं दार पश्चिमेला. अंबाबाईच्या देवळात वर्षातनं दोनदा किरणोत्सव असतो, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या पायावर, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. आमच्या दुकानात हा सोहळा थंडीभर रोज, आणि किरणं थेट माझ्या तोंडावर. साडेचारनंतर मला कर्सरसुद्धा सापडायचा नाही. पडदा लावला तर दुकान बंद आहे समजून गिऱ्हाईक परत जातं. म्हणून टेबलच फिरवलं, दार समोर किंवा पाठीशी न येता डाव्या हाताला येईल असं. पाठ दाराकडं केली तर ऊन स्क्रीनवर, तोंड केलं तर ऊन डोळ्यात. आडवं बसणं हाच इलाज. डोक्यावरची ट्यूब बंद करून मॉनिटरच्या मागं भिंतीकडं तोंड केलेला छोटा दिवा ठेवला, म्हणजे खोली अगदीच काळी नको आणि डोळ्यावर थेट उजेडही नको.

आणि टोपी. हसू नका. पुढं झाप असलेली साधी कापडी टोपी, क्रिकेटवाल्यांची असते ती, रस्त्यावर शंभर रुपयांना मिळते. वरनं येणारा सगळा उजेड त्या झापेनं अडतो. पंजाबी ड्रेसवर टोपी घालून पत्रिका दाखवायला लागले तेव्हा गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघायची, पोरगा म्हणायचा, "काकी, टॉसला निघालासा?" नऊ महिन्यांत घेतलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये पैशाला सगळ्यात जागलेली ही.

आता विंडोजमधल्या सोयी. या फुकट आहेत आणि बहुतेकांनी कधी उघडूनही बघितलेल्या नसतात. दहा नंबरच्या विंडोजमध्ये सेटिंग्जच्या 'इज ऑफ ॲक्सेस'मध्ये, अकरामध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'त. मी पहिलं काम केलं ते बाणाचं: आकार वाढवला आणि रंग पोपटी केला. पांढरा बाण पांढऱ्या पानावर शोधण्यात माझा दिवसातला किती वेळ जात होता हे पोपटी झाल्यावर कळलं. टायपिंगची उभी रेघ असते तिलाही वरखाली रंगीत ठिपके लावायची सोय तिथंच आहे, ती चालू केली. कंट्रोलचं बटण दाबलं की बाणाभोवती वर्तुळं उमटतात, तेही माउसच्या सेटिंग्जमध्ये एक खूण करून मिळतं.

मॅग्निफायरनं मात्र मला आधी वैताग दिला. विंडोजचं बटण आणि प्लस दाबलं की अख्खा स्क्रीन मोठा होऊन माउसच्या मागं पळायला लागतो. दहा मिनिटांत गरगरलं. बंद करायला विंडोज आणि एस्केप, हे आधी पाठ करा, मगच चालू करा. पंधरा दिवस त्याच्या वाटेला गेले नाही. मग कळलं की कंट्रोल, ऑल्ट आणि डी दाबलं की तो फक्त वरच्या पट्टीत बसतो, खाली काम आपलं नेहमीसारखं. पट्टीत तीनशे टक्के. प्रूफ वाचायला ही पट्टी मी शेवटपर्यंत वापरली. त्यातच कंट्रोल, ऑल्ट आणि आय दाबलं की पट्टीतले रंग उलटे होतात, काळ्यावर पांढरं. ध ची गाठ मला पुन्हा दिसली ती अशी: वर काळ्या पट्टीत, बोटाएवढी, पांढरी, आणि शिरोरेघेतली ती फट. मी पोराला हाक मारून दाखवली. त्याला त्यात काय एवढं ते कळलं नाही.

सगळीकडं काळं करून टाकावं का, यावर माझं मत नऊ महिन्यांत दोनदा बदललं. ब्राउझर, मेल, फोन हे सगळं गडद केलं आणि तसंच ठेवलं, तिथं फायदाच. पण निव्वळ काळ्यावर निव्वळ पांढरी अक्षरं मला लांबलचक मजकुराला चालली नाहीत. अक्षरांना कडेनं पिसारा फुटतो, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. माझ्या चष्म्यात आडवा नंबरही (सिलिंडर, बुबुळाची गोलाई सारखी नसल्याचा) आहे, त्याचाही हात असेल. मग गडद राखाडीवर फिकट राखाडी करून बघितलं, ते जमलं. शेवटी मंडळाच्या अहवालासारखा मोठा मजकूर मी भाकरीच्या रंगाच्या पानावर काळ्या अक्षरांत वाचायला लागले. पांढऱ्याचा टोचरेपणा जातो आणि अक्षर अक्षरासारखं राहतं. ज्याला जे मानवेल ते. पण दोन-तीन दिवस दिल्याशिवाय निकाल लावू नका.

हाच भाकरीचा रंग कोरलड्रॉमध्येही, म्हणजे आम्ही पत्रिका मांडतो त्या सॉफ्टवेअरमध्येही, लावला. पानाच्या सेटिंगमध्ये बॅकग्राउंडला रंग देता येतो, आणि 'प्रिंट अँड एक्सपोर्ट बॅकग्राउंड' ही खूण काढली की तो छापला जात नाही. खूण काढली की. मी एकदा विसरले आणि गिऱ्हाइकाला पीडीएफ पिवळसर पानासकट गेली. घाबरून फोन केला तर त्या ताई म्हणाल्या, "अय्या, हाच रंग ठेवा, किती सोबर आहे." तशीच छापली.

पत्रिकांचे फॉन्ट हा आमच्या धंद्यातला स्वतंत्र त्रास. लोकांना वेलबुट्टीची, लफ्फेदार, केसासारख्या बारीक रेघांची अक्षरं लागतात. त्यात मोतीबिंदू नसलेल्यालाही थ आणि य सांगता यायचे नाहीत. मी पद्धत बदलली. सगळा मजकूर आधी 'मुक्ता'च्या जाड वजनात, मोठ्या आकारात, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. प्रूफ तिथंच पक्कं करायचं. मगच फॉन्ट बदलायचा, आणि बदलल्यावर मजकुराला हात लावायचा नाही. हे मी २२ वर्षांपूर्वीच करायला पाहिजे होतं.

कानानं वाचायची सोय ही माझ्यासाठी नवी होती. एज ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबलं की तो पान वाचून दाखवतो, आणि त्याला मराठी आवाज आहेत, आरोही आणि मनोहर नावाचे. इंटरनेट चालू लागतं. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकायचा, ती एजमध्ये उघडायची आणि वेग थोडा कमी करून ऐकायचं. 'चि. सौ. कां.'चं आरोहीबाई काय करतात ते ऐकून पहिल्या दिवशी आम्ही दोघंही पोट धरून हसलो. पण घनवडे आणि धनवडे यातला फरक कानाला लगेच कळतो. तारखेतला १ आणि ९ चा घोळही कळतो, आणि पत्रिकेत तारीख चुकणं म्हणजे काय ते सांगायला नको. गाळलेला शब्द तर हमखास सापडतो. सापडत नाही ते ऱ्हस्व-दीर्घ. 'शुभविवाह' मधला शु पहिला की दुसरा, बाईंच्या बोलण्यातनं काही पत्ता लागत नाही. ते डोळ्यांनीच, वरच्या पट्टीत.

यात एक मोठी अडचण आहे आणि ती आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना लागू आहे. जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणून कळेल अशा अक्षरांत, नाहीत. जुन्या फॉन्टातला मजकूर एजला दिला की तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा वाचतो. माझ्याकडं पंधरा वर्षांची असली अडगळ पडलीय. आवाजाच्या निमित्तानं नवीन सगळं काम युनिकोडमध्ये इनस्क्रिप्टनं (ही मराठी टायपिंगची वेगळी कीबोर्ड-मांडणी) करायला लागले. जुन्या कीबोर्डची बोटांची सवय मोडायला दोन महिने गेले आणि त्या दोन महिन्यांत मी माणसांत राहण्यासारखी नव्हते.

आता फेकून दिलेलं. ब्लू कट चष्मा: निळा प्रकाश थोडा अडत असेल, पण माझं दुखणं निळ्याचं नव्हतं, विखुरणाऱ्या उजेडाचं होतं. शून्य उपयोग. कीबोर्डला लावायचे पिवळे मोठ्या अक्षरांचे स्टिकर: मी न बघता टाइप करते, पोरानं लावून घेतले. थेंब: एका नातेवाइकांनी मोतीबिंदू विरघळवणारे म्हणून आणून दिले. असे थेंब नाहीत. ढगाळलेलं भिंग काढून टाकणं हाच उपाय आहे. मी ते घेतले, "हो हो" म्हटलं आणि कपाटात ठेवले. आणि "कॉम्प्युटर बघून बघूनच झालं" हे तर गल्लीतल्या प्रत्येकानं ऐकवलं. स्क्रीन बघून मोतीबिंदू होत नाही. डोळे कोरडे पडतात, थकतात, ते वेगळं.

एक गोष्ट कुठल्याच सेटिंगनं सुटली नाही. संध्याकाळनंतर गाडी. रंकाळ्याच्या कडेनं घरी जाताना समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती कापूस पिंजल्यासारखा गोळा. डिसेंबरात एकदा रस्त्यातली म्हैस अगदी जवळ गेल्यावर दिसली. त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर गाडीला हात लावला नाही. खरं तर ऑपरेशनची तारीख मी घेतली ती म्हशीमुळं, पत्रिकांमुळं नाही.

उजवा डोळा जूनच्या पहिल्या आठवड्यात झाला. ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. टेबलावर वीस-पंचवीस मिनिटं. स्क्रीनवाल्यांसाठी कामाचं आहे ते आधीचं बोलणं. भिंग कुठलं बसवायचं हे ठरवताना डॉक्टर विचारतात की लांबचं बिनचष्म्याचं पाहिजे की जवळचं. साध्या भिंगाला एकच अंतर नीट दिसतं. आपण भांबावून "लांबचं" म्हणतो आणि मग स्क्रीन ना लांबचा ना जवळचा. मी दुकानातली शिवणाची टेप घेऊन डोळ्यापासून मॉनिटरपर्यंत मोजून गेले होते: ६४ सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले, असा आकडा घेऊन क्वचितच कुणी येतं. लांबचं भिंग घेतलं, आणि ६४ सेंटिमीटरचा वेगळा चष्मा करायचा असं ठरलं. एरवी वाचायचा चष्मा ३५-४० सेंटिमीटरचा करून देतात, तो लावून मॉनिटर बघायला गेलं की नाक स्क्रीनला टेकतं.

डोळ्यात कायमचं बसणारं भिंग कशाचं, असं मी विचारलं तर ॲक्रिलिकचं निघालं. आमच्या नावाच्या पाट्या ज्या जातीच्या त्याच जातीतलं, फक्त मऊ, घडी घालून आत सरकवता येणारं. पहिलं भिंग १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडली नावाच्या डॉक्टरनं बसवलं ते आपल्या पाटीसारखंच कडक होतं. युद्धात लढाऊ विमानांच्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात शिरून राहिले तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून पाटी कापताना हात जरा अदबीनं चालतो.

चौथ्या दिवशी थोडा वेळ दुकानात बसायची परवानगी मिळाली. कपाटातले कार्डाचे नमुने बघायला काढले. डावा डोळा झाकला तर कार्ड निळसर पांढरं. उजवा झाकला तर तेच कार्ड चहात बुडवल्यासारखं. दोन्ही उघडे ठेवले तर मधलं काहीतरी. मग वर्षभरातली पांढरी म्हणून विकलेली कार्डं काढली. त्यातला एक गठ्ठा हस्तिदंती होता. एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही, मीही कुणाला फोन केला नाही. रंग जुळवायचं काम मात्र आता फक्त उजव्या डोळ्यानं, डाव्यावर पट्टी धरून.

नवीन डोळ्याला २८ चा ब्राइटनेस अंधार वाटतो आणि डाव्याला ४५ म्हणजे दुपारचं ऊन. सध्या ३२ वर तह झालाय. वरची काळी पट्टी काढली, पोपटी बाण ठेवला, आरोहीबाई राहणारच. डाव्या डोळ्याची तारीख गणपतीनंतरची घेतलीय, कारण आता मंडळांच्या पावतीपुस्तकांची रांग लागलीय आणि प्रत्येकाला अध्यक्षाचं नाव मोठं पाहिजे. टोपी अजून डोक्यावर आहे.